सभागृहाबाहेरचा हिशेब : नगरपालिका सभासद जोतीराव फुले

१

जोतीराव गोविंदराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगासाठी जे लेखी निवेदन सिद्ध केले, त्यात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि पेठ जुना गंज येथील म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. त्या काळी नगरपालिकेच्या सभासदास म्युनिसिपल कमिशनर म्हणत. मुलींच्या शाळेचे संस्थापक, 'गुलामगिरी'चे कर्ते किंवा सत्यशोधक समाजाचे प्रवर्तक म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्यांनी आयोगापुढे जाताना यांपैकी एकही बिरुद नावापुढे लावले नाही. धंदा, जमीन आणि नगरपालिकेतील जागा या तीन गोष्टी त्यांनी नोंदविल्या.

ही निवड सहज झालेली नाही, असे मानण्यास जागा आहे. व्यापारी म्हणून ते कर भरत होते, शेतकरी म्हणून सारा भरत होते आणि सभासद म्हणून लोकांनी भरलेला पैसा कोठे जातो हे पाहत होते. भरणारा आणि पाहणारा या दोन्ही भूमिका एकाच माणसात एकवटल्या होत्या. जोतीरावांच्या चरित्रकारांनी त्यांच्या नगरपालिकेतील कारकिर्दीची नोंद घेतली आहे; तथापि ती बहुधा समाजकार्याच्या यादीतील एक कलम म्हणून येते. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी तर तिच्याकडे जवळजवळ लक्षच दिलेले नाही. प्रस्तुत लेखात या कारकिर्दीच्या अंगाने जोतीरावांच्या जीवनाचा आलेख मांडण्याचा प्रयत्न केला आहे. 'शेतकऱ्याचा असूड'मधील गद्याची घडण ज्या अनुभवातून झाली, त्यात नगरपालिकेच्या सभागृहाचा वाटा मोठा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुढे पुण्यात येऊन फुलांच्या व्यवसायात स्थिरावलेले. मूळचे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून या व्यवसायावरूनच फुले हे आडनाव रूढ झाले. आई चिमणाबाई लहानपणीच निवर्तल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, नंतर लोकनिंदेला भिऊन काढलेही. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांनी तेथील शिक्षण पुरे केले. टॉमस पेन यांच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला तो याच सुमारास.

१८४८ मध्ये भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या आणि त्यापायी उभयतांना घर सोडावे लागले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले, १८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

हा क्रम सर्वपरिचित आहे. त्याच्या जोडीने चाललेला त्यांचा व्यवसाय मात्र तितकासा परिचित नाही. जोतीराव हे कंत्राटदार होते. बांधकामासाठी लागणारे साहित्य पुरविणे, धातूच्या ओतकामासाठी साचे विकणे, मांजरी येथील जमिनीत बागाईत करणे असे त्यांचे उद्योग होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. सरकारी बांधकामात अंदाजपत्रक कसे तयार होते, दर कसे ठरतात, मजुराच्या हाती काय पडते आणि मधल्यामध्ये काय गळते, हे त्यांनी कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष कामाच्या जागी पाहिले होते. नगरपालिकेत जाणाऱ्या माणसाला याहून उपयुक्त शिक्षण क्वचितच मिळाले असेल.

३

पुण्याची नगरपालिका १८५७ मध्ये अस्तित्वात आली. जोतीरावांची तिच्यावर नेमणूक झाली १८७६ मध्ये. येथे नेमणूक हा शब्द महत्त्वाचा आहे. स्थानिक स्वराज्यासंबंधी लॉर्ड रिपन यांचा ठराव १८८२ च्या मे महिन्यातला. निवडून आलेले सभासद पुण्याच्या सभागृहात त्यानंतर बसू लागले. जोतीराव सभासद होते त्या वर्षांत सभासदाला मतदार नव्हते. त्याला जागा सरकारने दिलेली असे आणि सरकारची मर्जी असेतोवर ती टिके. कर देणाऱ्या नागरिकाला सभासदाकडे उत्तर मागण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

नगरपालिकेचे उत्पन्न मुख्यतः जकातीतून येई. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतली जाणारी ही पट्टी वरकरणी व्यापाऱ्याकडून वसूल होते. प्रत्यक्षात तिचा भार भाजीपाला, धान्य, सरपण घेऊन येणाऱ्या आसपासच्या शेतकऱ्यावर आणि ते विकत घेणाऱ्या गरिबावर पडतो. ज्यांच्याकडून हा पैसा येतो त्यांचा सभागृहात कोणी नाही आणि जे सभागृहात आहेत त्यांना त्याची झळ नाही, अशी ही रचना होती. जोतीराव या दोन्ही बाजूंना ओळखत होते. फुले आणि भाजी पिकविणाऱ्यांच्या घरात ते वाढले होते.

नेमणूक झाली त्याच वर्षी दख्खनमध्ये दुष्काळाला प्रारंभ झाला. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम चालविला. या वेळी जोतीरावांनी लोकांना मदतीचे जाहीर आवाहन केले. आपत्तीची वार्ता लोकांपर्यंत पोहोचविणे हे ते मदतीइतकेच महत्त्वाचे मानीत, हे या प्रसंगी दिसून येते.

नगरपालिकेतील त्यांच्या भूमिकेचा कस लागला तो १८८० मध्ये. त्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना दारूच्या दुकानांसंबंधी पत्र लिहिले. शहरात दारूची दुकाने वाढू लागली होती आणि त्यांपासून सरकारला महसूल मिळत होता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते आणि दुसरीकडे त्याच लोकांचे आरोग्य व संसार उद्ध्वस्त करणारी दुकाने शहरात उघडली जातात, ही विसंगती त्यांनी समितीपुढे ठेवली. या पत्राचा सूर उपदेशकाचा नाही. दारू पिणे पाप आहे, असा मुद्दा त्यांनी केला नाही. एका खात्यात जमा दाखविलेली रक्कम दुसऱ्या खात्यात नुकसान म्हणून उतरते, हे त्यांनी दाखविले. सार्वजनिक प्रश्नाकडे जमाखर्चाच्या अंगाने पाहण्याची ही रीत त्यांच्या पुढील लेखनात पुनःपुन्हा भेटते.

त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिटन यांच्या पुण्यातील स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. जोतीरावांनी त्यास विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. बत्तीस नियुक्त सभासदांमध्ये विरोधी मत देणारे ते एकटे निघाले. ज्यांनी सभासदत्व दिले त्यांच्याच सर्वोच्च प्रतिनिधीच्या सत्काराला हा नकार होता. लिटन यांच्याच कारकिर्दीत, १८७८ मध्ये, देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता आणि तो रद्द होण्यास १८८२ साल उजाडावे लागले, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. लोकांना बातमी देणाऱ्या साधनांवर सरकारचा डोळा असताना हे मत पडले.

तिसरा प्रसंग मंडईचा. तोपर्यंत पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या जागेत भरत असे. त्याऐवजी मोठी, देखणी इमारत बांधण्याची योजना आली. जोतीरावांनी तिच्या अवाढव्य खर्चाला विरोध केला; शहरातील मुलांना शाळा पुरेशा नसताना एवढी रक्कम दगडमातीत घालू नये, ही त्यांची बाजू होती. हरी रावजी चिपळूणकर या मुद्द्यावर त्यांच्यासोबत होते. विरोध टिकला नाही. मंडई उभी राहिली, १८८६ मध्ये खुली झाली आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली.

या तीन प्रसंगांत जोतीरावांचे यश जवळजवळ शून्य आहे. संख्याबळाच्या दृष्टीने पाहिले तर ही पराभवांची कारकीर्द आहे. परंतु तिन्ही वेळी त्यांचा प्रश्न एकच होता : पैसा कोणाचा आणि खर्च कोणासाठी? हंटर आयोगापुढील निवेदनात हाच प्रश्न मागणीचे रूप घेतो. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सर्व भार त्या त्या नगरपालिकेने उचलावा, असे त्यांनी तेथे सुचविले. एकट्या मताने जे साधले नव्हते, ते धोरण म्हणून त्यांनी आयोगासमोर ठेवले.

४

सभागृहात हरलेला मुद्दा लोकांपुढे नेणे हा जोतीरावांच्या कार्याचा दुसरा भाग होय आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो अधिक महत्त्वाचा वाटावा. त्या काळातील पुण्यात सार्वजनिक प्रश्नांची चर्चा होत नव्हती, असे नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीसंबंधी परिश्रमपूर्वक माहिती गोळा केली. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७८ मध्ये सुरू झालेले सभेचे त्रैमासिक हा त्या अभ्यासाचा उत्कृष्ट नमुना होता. मात्र ते इंग्रजीत निघत होते. रयतेविषयीची माहिती सरकारला द्यावी, हा त्याचा उद्देश. जोतीरावांची दिशा याच्या उलट आहे. सरकार, नगरपालिका आणि लोकल फंड यांच्याविषयीची माहिती रयतेला द्यावी, हा त्यांचा खटाटोप होता. दोन्ही कामे आवश्यकच होती. परंतु दुसऱ्या कामासाठी लागणारी भाषा वेगळी होती आणि ती तयार नव्हती.

सत्यशोधक समाजाचा अहवाल १८७७ मध्ये मराठीत छापून प्रसिद्ध झाला. संस्थेने वर्षात काय केले, हे सभासदांना कळावे हा त्याचा साधा हेतू. त्याच वर्षी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या पुस्तकांबरोबर समाजाच्या अहवालाचाही समाचार घेतला आणि त्यांतील व्याकरणदोषांवर कडक प्रहार केला. हा प्रहार मराठी टीकेत दीर्घकाळ टिकला. जोतीरावांचे विचार थोर, परंतु भाषा ओबडधोबड, अशी वाटणी करून त्यांना वाङ्मयाच्या इतिहासात कडेची जागा देण्याची प्रथा त्यातून पडली.

या वाटणीचा फेरविचार करण्यास 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ पुरेसा आहे. १८८३ मध्ये तो पुरा झाला. त्याच्या उपोद्घातावरून कळते की छापण्यापूर्वी जोतीरावांनी त्याची हस्तलिखित प्रत पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी ठिकाणी लोकांना वाचून दाखविली होती. बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांनीही त्याचा काही भाग ऐकला व साहाय्य केले. म्हणजे हा ग्रंथ आधी ऐकला गेला. ज्यांच्याविषयी तो होता, ते बहुसंख्य निरक्षर होते. त्यांना सारा, जकात, लोकल फंड, पाटबंधारे, कर्ज, कोर्टकचेऱ्या या सर्वांचा आपापसांतला संबंध उलगडून सांगावयाचा होता. लांबच लांब वाक्ये, एकात एक गुंतलेली कारणे, मध्येच येणारे प्रश्न, बोलीतले शब्द आणि त्यांच्या जोडीला कचेरीतले शब्द, हे जे दोष म्हणून दाखविले गेले ते वाचून दाखविण्याच्या गद्याचे गुण आहेत. श्रोत्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. म्हणून सांगणारा आधीचा धागा प्रत्येक वाक्यात पुन्हा हातात घेतो.

शहरात भाजीपाला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला नगरपालिकेच्या जकातीचा जो जाच होतो, त्याचाही या ग्रंथात विचार आहे. असे लिहिणारा माणूस त्याच नगरपालिकेच्या सभागृहात वर्षानुवर्षे बसलेला होता, हे ध्यानात घेतले की त्या मजकुराला साक्षीचे वजन येते. तक्रार करणाऱ्याला परिणाम दिसतो. सभासदाला कारण दिसते. 'असूडा'तील गद्यात परिणामाकडून कारणाकडे जाण्याची जी सततची ओढ आहे, ती केवळ बुद्धिवादाची देणगी नव्हे. हिशेबाची वही समोर ठेवून बसण्याच्या सवयीचीही ती देणगी आहे.

हे सांगणे स्वकीयांनाही पेलले नाही. 'दीनबंधु'ने 'असूडा'चा काही भाग छापला आणि पुढचा थांबविला. लोखंडे यांच्यासारख्या निष्ठावंत सहकाऱ्यालाही सरकारवरील टीकेची ती धार परवडण्याजोगी वाटली नाही. जोतीराव त्यामुळे नाराज झाले. परंतु पत्र हाती नाही म्हणून त्यांनी सांगणे थांबविले नाही. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या छोट्या पुस्तिका आणि 'इशारा' हे लेखन त्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

५

नगरपालिकेतील जागा सुटल्यानंतर जोतीरावांचे आयुष्य सात-आठ वर्षांचेच उरले. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी दिलेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि देशाची खरी स्थिती कोणती हे त्यांनी पाहुण्यांना ऐकविले. आठ वर्षांपूर्वी स्वागताच्या खर्चाविरुद्ध दिलेले मत आणि हा वेष यांत सुसंगती आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच काळात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. आपल्या देहाला अग्नी न देता तो मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि घराच्या मागे त्यासाठी जागाही त्यांनी तयार करून ठेविली होती. वस्तीच्या जागेत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. त्यामुळे दहन करावे लागले आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. ज्या संस्थेत त्यांनी एकट्याने मते दिली, तिनेच त्यांची शेवटची इच्छा नाकारली. नियमाच्या दृष्टीने तो निर्णय कदाचित योग्यही असेल. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता, तिच्यावर त्यांचे नाव झळकले. नाव देणाऱ्यांची भावना निर्मळ होती यात शंका नाही. तथापि नावाखाली तो मूळ विरोध झाकला गेला, हेही खरे.

६

जोतीरावांच्या या कार्याचा वऱ्हाडाशी, विशेषतः यवतमाळसारख्या जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न येथील विद्यार्थी विचारू शकेल. 'असूडा'त जंगल खात्याने गायराने आणि चराईची राने बळकावल्याने शेतकऱ्याची जनावरे कशी उपाशी पडली, याचे विवेचन आहे. या ग्रंथानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, १० जुलै १९३० रोजी, वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. अणे टिळकांच्या परंपरेतले. जोतीरावांच्या विचारांशी त्यांचे नाते जोडणे सयुक्तिक होणार नाही. तरीही गवताच्या काडीवर कोणाचा हक्क, हा प्रश्न दोघांपुढे एकच होता. अणे यांनीही यवतमाळहून 'लोकमत' हे साप्ताहिक चालविले होते. निरनिराळ्या मार्गांनी आलेल्या या दोघांनाही लोकांना सांगितल्यावाचून लोकांचे काम होत नाही, हे उमगले होते.

यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा येथे नगरपरिषदा आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अशा संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तर नागरिकाला हिशेब मागण्याचा हक्क दिला आणि काही माहिती आपण होऊन जाहीर करण्याचे बंधन कार्यालयांवर घातले. जोतीरावांच्या काळी यांपैकी काहीच नव्हते. सभासदाने लोकांना काही सांगावे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते आणि न सांगण्यात त्याचा फायदाच होता. हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले, यात त्यांच्या सभासदत्वाचे वेगळेपण आहे.

मराठी गद्याच्या इतिहासाने या घटनेची नोंद कशी घ्यावयाची, हा अखेरचा मुद्दा आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने जोतीरावांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्यानंतर त्यांच्या भाषेविषयीचा जुना अभिप्राय बराच मवाळ झाला आहे. परंतु मवाळ होणे म्हणजे बदलणे नव्हे. त्यांच्या गद्याला ओबडधोबड परंतु प्रामाणिक म्हणणे, ही जुन्याच निकषाची सौम्य आवृत्ती होय. कर भरणाऱ्या, परंतु वाचू न शकणाऱ्या माणसाला त्याच्याच पैशाची कथा समजेल अशी सांगावयाची, हे त्या गद्याचे प्रयोजन होते. या प्रयोजनाच्या कसोटीवर ते उतरते की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार जुन्नर, ओतूर आणि हडपसर येथील श्रोत्यांचा होता. त्यांनी ते ऐकले. अभ्यासकांनी जोतीरावांच्या वाक्यरचनेचे मोजमाप करताना त्या श्रोत्यांना विसरता कामा नये.